चिमणीचं वजन

चिमणी हे नाव पडलं तेव्हा ती खरोखर चिमणीएवढी होती. आता ती एकोणीस वर्षांची, अंगाने आईपेक्षा भारी, आणि पाय जन्मापासून लुळे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, ही सगळी उचल आईचीच. बाप ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असायचा. लॉन्ड्रीत दिवसभर ओल्या चादरी उपसून आई घरी यायची आणि लेकीला उचलायची. कुणी हळहळलं तर म्हणायची, "आईला लेकराचं ओझं होतं का कधी?"

एका सकाळी न्हाणीघरात चिमणीला अर्धवट उचललेलं असताना आईच्या कमरेत काहीतरी सटकलं. दोघी ओल्या फरशीवर कोसळल्या. चिमणीनेच हाका मारून शेजारीण बोलावली.

डॉक्टर म्हणाले, कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आहे. ऑपरेशनची घाई नको; दुखणं ओसरलं की आधी हलका व्यायाम, मग हळूहळू ताकदीचा.

"आणि मुलीला उचलायचं कधी?"

"ते आता विसरा. घरात उचलायचं यंत्र आणा."

यंत्र तिने दवाखान्यात पाहिलं होतं. खाली कापडी झोळी, वर लोखंडी हात. "गोदामातल्या पोत्यासारखं माझं पोर लटकवायचं?" ती घरी येऊन म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटवला.

मदतीला नणंद येऊन राहिली. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. चिमणीला उचलताना मात्र ती कण्हायची, आणि पलीकडच्या खोलीत आडवी पडलेली आई ते ऐकून कुशीवर वळायची.

बरं वाटू लागल्यावर फिजिओथेरपिस्टने तिला एका व्यायामशाळेत पाठवलं. तिथे शिकवणाऱ्या बाईंना सगळे पैलवानबाई म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाही. तिच्या पाठीला झाडूचा दांडा उभा लावला आणि वाकायला सांगितलं. दांडा डोक्यापासून, पाठीपासून, माकडहाडापासून सुटता कामा नये.

"कमरेतून नाही, खुब्यातून वाक. दोन्ही हातांत सामान असताना ढुंगणाने दार लोटतेस ना, तसं."

आईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

"पोट घट्ट धर, पण श्वास कोंडू नकोस. स्नायू दुखले तर चालतील. कळ पायात उतरली तर तिथेच थांबायचं आणि मला सांगायचं. शूरपणा नको."

आई मन लावून शिकली. आधी रिकामा लोखंडी दांडा, मग ठोकळ्यांवर उंच ठेवलेलं थोडं वजन. काही महिन्यांत लॉन्ड्रीत हलकं काम जमू लागलं. पैलवानबाई खूश होत्या. आई मात्र मनातल्या मनात वजनं मोजत होती. तिला चिमणीएवढं उचलायचं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यातच नणंद म्हणाली, "वहिनी, माझेही खांदे गेले गं. असं किती दिवस चालायचं?"

दुसऱ्या दिवशी आई व्यायामशाळेत लवकर गेली. पैलवानबाई आल्या नव्हत्या. तिने दांड्याला चकत्या चढवल्या, चिमणीच्या वजनाइतक्या, आणि दांडा ठोकळ्यांशिवाय सरळ जमिनीवर ठेवला. पहिल्यांदा उचलला. जमलं. आनंदाच्या भरात तिने दुसऱ्यांदा ओढला, तेव्हा पाठ गोल झाली. कळ मांडीमागून थेट पोटरीत उतरली. तिने चकत्या जागेवर ठेवल्या आणि पैलवानबाई आल्यावर म्हणाली, "आज जरा अंग कसकसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चप्पल जिन्यात पायातून निसटली, आणि तिला ते कळलंच नाही. मागून येणारी नणंद चप्पल हातात घेऊन उभी राहिली.

"वहिनी, तुझं पाऊल घासतंय."

डॉक्टरांनी पाऊल वर ओढायला सांगितलं. ते नीट उचललं जाईना. लघवीला काही अडचण, जांघेत बधिरपणा? नव्हता. नशीब, ते म्हणाले, पण हे वाढलं तर तडक यायचं, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल. पैलवानबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "दांडा गप्प असतो," एवढंच म्हणाल्या. "माणूस हलतं, घसरतं. तू दांडा उचललास म्हणून पोरगी उचलता येत नाही. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

घरी आई पलंगाच्या कडेला बसली. "तुझ्यासाठीच चाललं होतं गं," ती लेकीला म्हणाली.

"माहितेय." चिमणी भिंतीकडे बघत होती. "तू पडलीस ना, तेव्हापासून कुणी मला उचललं की मी डोळे मिटून घेते. आत्याच्या हातातही. ते यंत्र आण."

"पण तशी लटकलेली..."

"लटकेन मी. मला विचारलंस कधी?"

आईने लेकीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

यंत्र आलं. नणंदेने कळ दाबली, झोळी ताणली गेली आणि चिमणी पलंगावरून हळूहळू वर आली. जरा झोके खाल्ले. डोळे उघडे होते. आई बाजूला उभी होती. हातांचं काय करावं हे न कळून तिने लेकीची पावलं धरून ठेवली, खुर्चीत टेकेपर्यंत.

आईच्या पावलातली ताकद पुष्कळशी परतली. अंगठा अजून बधिर आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पुन्हा पैलवानबाईंकडे गेली. त्यांनी हातात झाडूचा दांडा दिला. आईने तो मुकाट्याने पाठीला लावला आणि वाकली.