चौथा थर

"मंग पट्टा चढवू का नको, म्याडम?" गिरणीचा पट्टा हातात धरून सारजाबाईनं विचारलं.

कालिंदी दारातच उभी होती. खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या या गावात ती गेली चार-पाच वर्षं येत होती, पण आजच्यासारखी उंबऱ्यावर कधी घुटमळली नव्हती. आत बाजरीचे डबे रांगेनं लावलेले होते. ओट्यावर बसलेल्या बाया तिच्याकडं बघत होत्या. बाहेर कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर कडूबा मागचं दार उघडून, आत सतरंजी पसरून वाट बघत होता.

"चढवा," कालिंदी म्हणाली. "आलेलं दळण होऊ द्या. मग काढू."

सारजाबाईनं पट्टा चढवला, इंजिनाचं चाक फिरवलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि एका लयीत चालू लागलं. कालिंदी पोत्यावर बसून तो आवाज ऐकत राहिली.

इंजिन शेणाच्या गॅसवर चालत होतं. शेणाच्या गॅसमध्ये जवळजवळ निम्मा वायू न जळणारा. तो तसाच इंजिनात गेला की इंजिन खोकायचं, दम टाकायचं. दिवसदिवस वीज नसायची, आणि डिझेल परवडत नसे. कालिंदीनं बनवलेला पडदा त्यातला न जळणारा वायू बाजूला काढी आणि जळणारा पुढं पाठवी. पडदा म्हणजे दिसायला दुधी रंगाचं प्लास्टिक, ताग्यासारखं गुंडाळून लोखंडी नळकांड्यात बसवलेलं. पण तो एकसंध नव्हता, थरांचा होता. खाली आधाराचा, बारीक छिद्रांचा थर. त्यावर ती छिद्रं झाकणारा मऊ थर. सगळ्यांत वर खरं काम करणारा थर. इतका पातळ, की उजेडात धरला तरी दिसू नये.

पहिली गुंडाळी याच गिरणीत महिन्याभरात निकामी झाली होती. चिकलठाण्यातल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत बाटलीतला कोरडा वायू वापरून सगळं झकास चालायचं. इथं गॅस ओला. वरचा थर सादळलेल्या पापडासारखा फुगला आणि खालच्यापासून सुटला. कालिंदी ती गुंडाळी परत घेऊन गेली, उलगडून बघितली आणि पुन्हा कामाला लागली. पाण्याचा थेंब अडवील पण वायू अडवणार नाही, खालच्या थराला फुगू देणार नाही, धरून ठेवील, असा चौथा थर तिला हवा होता. किती लेप जमले, तडकले, फेकले, त्याला गणती नव्हती. शेवटी जमला तेव्हा तो बसवायलाही ती इथंच आली. त्या दिवशी इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं, आणि सारजाबाई सगळ्या गावाला सांगत सुटली, "आता खोकत न्हाई बरं का! म्याडमनं त्याचा दमा घालवला."

आणि मागच्या आठवड्यात कंपनी विकली गेली.

मालक अनंतरावांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं. "नवे लोक हेच काम करणारी दुसरी मोठी यंत्रं विकतात, कालिंदीताई. त्यांना आपला पडदा नकोय."

"मग त्याचे हक्क कशाला घेतले?"

"दुसऱ्या कुणी बनवू नये म्हणून." अनंतराव टेबलावरची काच पुसल्यासारखा हात फिरवत राहिले. "बाहेर लावलेले सगळे संच परत आणायचेत. तुम्ही स्वतः आणा. लोक तुम्हाला ओळखतात."

"आणि मी सोडून गेले तर?"

"करारावर तुमची सही आहे. पुढची कित्येक वर्षं या कामाला कुठंच हात लावता येणार नाही. राहिलात तर पाइप तपासणीच्या प्रमुख. पगारात फरक नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि दत्तोपंतांना सोडून तुम्ही जाणार कुठं?"

ते खरंच होतं. छावणीतल्या घरात तिचे वडील दत्तोपंत अर्धांगवायूनं पडून होते. पुण्याच्या एका संस्थेनं तिला दोनदा बोलावलं होतं, दोन्ही वेळा दत्तोपंत उशीवरून मान वळवून म्हणाले होते, "जा की, मी कुठं अडवतोय? तू आहेस म्हणून चाललंय, एवढंच." ती गेली नव्हती. वय सत्तेचाळीस झालं होतं. घर, कंपनी, पुन्हा घर. या सगळ्यात तिचं म्हणावं असं काही होतं, तर हे नळकांडं.

दळण संपलं. बाया डबे उचलून मुकाट्यानं निघाल्या. सारजाबाईनं हातावरचं पीठ झटकलं आणि ती कालिंदीसमोर येऊन बसली.

"एक बोलू का? मोडलं म्हणून सांगा. आमी बी तेच सांगू. कोण येतंय इथं बघाया?"

दौलताबादचा घाट चढताना कालिंदीच्या मनात हेच आलं होतं.

"आले, तर तुमच्या दारात येतील सारजाबाई. नोटीस तुम्हाला लागेल."

"येऊ द्या. म्या बघते त्यांच्याकडं."

"आणि कधीतरी हा बाद होईलच. तेव्हा दुसरा कुठून आणायचा?"

"तुमी करा की! तुमालाच तर येतं."

"मला करता येणार नाही. तो आता त्यांचा आहे."

"नळकांडं त्यांचं, मान्य हाये. पर करायची अक्कल तर तुमच्या डोस्क्यात हाये ना?"



सारजाबाई कालिंदीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हंजी डोस्क्यातलं बी त्यांचंच व्हय?"

कालिंदीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. ती उठली, तिनं गॅसची चावी बंद केली आणि पाना हातात घेतला. पहिला नट हललाच नाही. गंजला होता. ती वाकून जोर लावत राहिली, चष्मा नाकावरून घसरला. कडूबा दारातून पुढं आला, तेव्हा सारजाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. तिनं कालिंदीच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून पाना दाबला. नट सुटला.

पुढचे नट सारजाबाईनं एकटीनंच काढले. नळकांडं गाडीत ठेवून झालं, तेव्हा ती निरोप द्यायला बाहेर आली नाही. आत ती इंजिनाला पुन्हा साधी नळी जोडत होती. गाडी वळणावर पोचेपर्यंत इंजिन सुरू झालं, दोन-चारदा खोकलं आणि बंद पडलं. कडूबानं आरशातून मागं बघितलं आणि गाडी हळू केली. "थांबू का, म्याडम?"

"नको. चला," कालिंदी म्हणाली.

दोन दिवसांनी अनंतरावांचा निरोप आला, परत आलेल्या गुंडाळ्या कापून टाकायच्या. कालिंदीनं ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. गोदामातल्या लांब टेबलावर तिनं गिरणीतली गुंडाळी ठेवली, चिकटवलेली कड पातीनं सोडवली आणि वेढ्यांमधल्या जाळीसकट ती उलगडत नेली. दुसरं टोक गोदामाचा कामगार कारभारी धरून उभा होता. शेणाच्या गॅसचा उग्र वास सगळीकडं पसरला. पडदा कडेला पिवळा पडला होता, बाकी जसा लावला तसाच होता. तिनं खिडकीच्या उजेडात त्याची कड वाकवून बघितली. नखानं खरवडून बघितली. मग भिंग घेऊन ती पूर्ण लांबीभर सावकाश फिरली. थर कुठंच सुटला नव्हता. फुगलाही नव्हता. इतकी वर्षं ओल्या गॅसमध्ये राहून चौथ्या थराला एक चरा पडला नव्हता.

"खराब निघाला का म्याडम?" कारभारीनं विचारलं.

"नाही. चांगला आहे."

"मंग?"

कालिंदीनं भिंग खिशात ठेवलं आणि मोठी कात्री उचलली.

"ताणून धरा, कारभारी," ती म्हणाली. "नाहीतर वाकडं कापलं जाईल."