पुढचा दोर ऑटरकूमांचा

मित्रांनो, मी एक जुनं आडनाव आहे. ऑटरकूम.

एकदा मोठ्याने म्हणा.

म्हणालात? आभारी आहे. तेवढ्याने मी जिवंत झालो. मला हातपाय नाहीत, स्वतःचं तोंडही नाही. मी दुसऱ्यांच्या तोंडात राहतो. ती तोंडं मिटली की जिथे कुठे लिहिला गेलो असेन तिथे गप्प पडून असतो. म्हणून माझी गोष्टही सलग नाही. जिथे जिथे मला लिहिलं, तिथून तिथून ती सांगतो.

दगडावर

इंग्लंडच्या डेव्हन भागात एक अरुंद दरी आहे. तिच्या ओढ्यात पाणमांजरं खेळायची. गावात जॉन नावाचे चार जण झाले, तेव्हा लोक त्यातल्या एकाला पाणमांजरांच्या दरीतला जॉन म्हणू लागले. त्यांच्या बोलीत तेच ऑटरकूम. जॉन गेला, मी त्याच्या मुलाला चिकटलो. त्या मुलाने आयुष्यात पाणमांजर पाहिलं नव्हतं.

मी फार पसरलो नाही. काही आडनावं गवतासारखी असतात, दिसेल तिथे उगवतात. मी एका कातळावरचं शेवाळ होतो. भरभराटीच्या दिवसांतही माझी तीनच घरं होती. एक घर तापाने गेलं. दुसऱ्यात सगळ्या मुली झाल्या. लग्नाच्या दिवशी मुलगी चर्चच्या दारातून ऑटरकूम म्हणून आत जायची आणि बाहेर यायची ती दुसरीच कुणी होऊन. मी दारातच राहायचो.

तिसऱ्या घरातली शेवटची मिस हेस्टर. ती मधमाश्या पाळायची. ती गेल्यावर कुणीतरी मला तिच्या थडग्याच्या दगडावर कोरलं. वर खरंच शेवाळ चढलं. त्या देशात मी संपलो.

पोत्यांवर

पण त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या एका धाकट्या मुलाने मला समुद्रापार नेलं होतं. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर. तिथे त्याचा कापसाचा मळा होता. कापसाच्या पोत्यांवर मला डांबराने लिहीत. माणसांवरही लिहीत, पण तोंडाने.

"ही माणसं कुणाची?"

"ऑटरकूमची."

मला कुणी विचारलं नाही. त्या माणसांना तर मुळीच नाही.

तो मालक तापाने मेला. पुढे गुलामी सुटली आणि प्रत्येकाला आपापलं टायटल सांगावं लागलं. बेटावर आडनावाला आजही टायटलच म्हणतात. रांगेत जुबा नावाची बाई उभी होती. ती म्हणाली, ऑटरकूम.

मागची बाई चिडली. "त्या मेल्याचं नाव कशाला घेतेस गं? जगात दुसरी नावं नाहीत का?"

"फुकट राबले मी या नावाखाली," जुबा म्हणाली. "आता त्याला राबू दे माझ्याखाली."

आणि मी राबलो, मित्रांनो. त्याआधीची शतकं मी नुसताच होतो. काम मला जुबाने दिलं.

लाकडावर

जुबाची मुलं बोटी बांधायला शिकली, नातवंडं त्यांच्याहून तरबेज निघाली. पांढऱ्या देवदाराची वाकडी फांदी बघून ते सांगायचे, ही फासळी, हा कणा. नकाशा नाही, मोजपट्टी नाही. वाकस या सुताराच्या हत्याराने तासत जायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. बोट पुरी झाली की तिच्या मागच्या फळीवर मला कोरायचे.

"ऑटरकूमची बोट आहे ना?" खलाशी म्हणायचे. "मग वादळात झोप काढ खुशाल."

ते माझे सोन्याचे दिवस. बोट समुद्रात लोटायच्या दिवशी सगळा गाव दोर ओढायला यायचा. पण बोटी बांधायच्या आमच्या आवारात एक रीत होती. पुढचा दोर, बोटीच्या तोंडाला बांधलेला, फक्त बांधणाऱ्याच्या टायटलच्या माणसांनी धरायचा. बाकीच्यांनी बाजूचे.

बिल्ल्यावर

बेटावरची बरीच माणसं कामासाठी इंग्लंडात हडर्सफील्डला गेली. त्यात विल्फ्रेड ऑटरकूम होता, बसचा कंडक्टर. त्याच्या छातीवरच्या पितळी बिल्ल्यावर बसून मी इंग्लंडात परत आलो. एका सुट्टीत विल्फ्रेड डेव्हनला गेला, ती दरी शोधून काढली आणि बादली घेऊन मिस हेस्टरचा दगड धुवायला बसला.

तिथले पाद्री धावत आले. "आपण इथले नाही वाटतं?"

"ऑटरकूम," विल्फ्रेडने हात पुढे केला. "तुम्ही कधी आलात इथे?"

"मी? चार वर्षं झाली."

"मग मीच जुना," विल्फ्रेड म्हणाला. "जरा पाणी आणता का? शेवाळ घट्ट आहे."

पाद्रींनी पाणी आणलं. विल्फ्रेड बिनलग्नाचाच गेला. दगड मात्र अजून स्वच्छ आहे.

कापडावर

आता माझी खरी गोष्ट.

बेटावर यूराया ऑटरकूम म्हातारा झाला होता. लोक आता परदेशी बनावटीच्या, साच्यातल्या बोटी घेत होते. लाकडी बोट सांगायला वर्षानुवर्षं कुणी येत नसे. तरी यूरायाने एक शेवटची बोट बांधायला घेतली. त्याला तीन मुली. दोघी लग्न करून ब्रुकलिनला गेल्या आणि नवऱ्यांच्या टायटलच्या झाल्या. तिसरी एर्मिन बापाजवळ राहिली, हातात वाकस घेऊन. तिच्या दोन मुली, केझिया आणि जॉय, माझ्याच नावाच्या होत्या, कारण एर्मिन आणि त्यांचा बाप क्लेमेंट यांचं लग्न अजून व्हायचं होतं. आमच्या बेटावर लग्नाला घाई नसते. आधी पोरं, मग घर, मग सवडीने अंगठी.

एका दुपारी रमच्या दुकानात कुणीतरी यूरायाला विचारलं, "ही शेवटचीच ना रे?"

"शेवटचीच. तीन पोरी झाल्या. टायटल बुडालं."

"आणि तुझा वाकस?"

"पलीकडच्या बेटावरच्या ऑल्डनला कबूल केलाय. बोट पाण्यात गेली की देणार."

एर्मिन दारात उभी होती. खिळ्यांची पिशवी तिने धाडकन खाली ठेवली. "पपा, इतकी वर्षं मी तुझ्या आवारात काय अंडी उबवत होते?"

सगळे हसले. यूराया हसला नाही. "तासतेस चांगली. माझ्याहून चांगली. पण बोटीवर कोरायचं ते टायटल. ते तुझ्याबरोबर उद्या कुठेतरी जाणार."

"कुठे जातंय? क्लेमेंटला अंगठी घ्यायला सवड तर होऊ दे!"

पण म्हातारा ऐकेना. तो तडक मिस ऑलिव्हकडे गेला. ऑलिव्ह त्याच्याच वयाची, गावची शिवणकाम करणारी, आणि या बोटीची धर्ममाता. बोटीचं नाव निशाणावर शिवायचा मान धर्ममातेचा. ते निशाण गुंडाळून काठीवर बांधतात आणि बोट पाण्याला लागली की उलगडतात. तोवर नाव दोघांनाच ठाऊक, बांधणाऱ्याला आणि तिला.

"शिव," यूराया म्हणाला. "शेवटचा ऑटरकूम."

ऑलिव्हने चष्म्यावरून पाहिलं. "बोटीचं बारसं आहे की कुणाची मयत?"

"तू शिव गं."

"शिवते बाबा. मला काय, शिवणारी मी, बघणारा देव."

मित्रांनो, दगड झाला, डांबर झालं, लाकूड झालं, पितळ झालं. पण कापडावर मी पहिल्यांदाच उतरत होतो. निळ्या कापडावर कापून लावलेली पांढरी अक्षरं. माझ्याआधी तो दुसरा शब्द येऊन बसला. शेजार मला मुळीच आवडला नाही. ऑलिव्हच्या सुईचं मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. काय, ते मला कळत होतं, पण मला कुठलं आलंय तोंड? मग तिने आम्हा दोघांना गुंडाळलं आणि अंधार झाला.

पुढचं सगळं मी त्या गुंडाळीतून ऐकलं; जे दिसलं नाही ते मागून लोकांच्या तोंडून कळलं.

मटणाची पातेली रटरटत होती. मक्याच्या पिठाचे गोळे वळले जात होते, ढोल चालू होता. ब्रुकलिनच्या मुली आल्या होत्या, पलीकडच्या बेटावरून ऑल्डन आला होता. बेटावरच्या पाद्रींनी पाणी शिंपडलं, कुणीतरी रम शिंपडली. मग कुऱ्हाडी चालल्या, टेकूचे खांब एकेक करून तुटले आणि बोट हलकेच कुशीवर, ओंडक्यांवर आडवी झाली. बाजूच्या दोरांना माणसं लागली.

पुढचा दोर वाळूत वेटोळं करून पडला होता. एर्मिनने तो उचलला.

"ठेव खाली," यूराया म्हणाला. "तो ऑटरकूमांचा आहे."

"मग मी कोण?"

"त्या दोराला आजवर बाईचा हात लागला नाही. माझ्यात आता जोर नाही आणि माझ्यामागे कुणी नाही. राहू दे तो तसाच."

एर्मिनने दोर टाकला. तिचा श्वास मला वर काठीपर्यंत ऐकू आला.

गाणं सांगणाऱ्याने आवाज दिला, माणसांनी जोर लावला. बोट अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि वाळूत रुतली. पुन्हा ओढली. हलली नाही. रम फिरली, पुन्हा ओढली. तिने जणू बसकण मारली.

आता सगळ्यांचा जीव खालीवर होऊ लागला. नवी बोट कुशीवर उन्हात पडून राहिली की फळ्यांच्या फटी उघडतात. मग तिला समुद्र कधीच मिळत नाही.

"तिला जायचंच नाहीये," कुणीतरी म्हणालं.

"नावातच खोट असेल."

यूराया मटकन वाळूत बसला. नाव त्यालाच तर ठाऊक होतं.

तेवढ्यात पातेल्याजवळून मिस ऑलिव्ह उठली, हातात डाव तसाच. "यूराया, तुझ्या बापाचं टायटल काय रे?"

ढोल थांबला. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि म्हणूनच कुणी बोलत नसे.

"ऑलिव्ह, आत्ता हे—"

"आत्ताच. काय होतं टायटल?"

"लामोत," म्हातारा पुटपुटला. "त्रिनिदादला गेला तो गेलाच."

"मग तू ऑटरकूम कुठून झालास?"

"आईकडून."

"आणि तुझी आई?"

यूराया हळूच म्हणाला, "तिच्या आईकडून."

"आणि सगळ्यात आधीची जुबा? ती काय मिशा लावून फिरायची?"

एकच हशा पिकला. ऑलिव्हने डाव हवेत फिरवला. "पुरुष समुद्रावर जात होते, बुडत होते, पळत होते. टायटल बायकांनी कमरेवर घेऊन वाढवलंय. ऐका रे सगळे! ज्याची आई ऑटरकूम, आजी ऑटरकूम, नाहीतर पणजी ऑटरकूम, त्याने पुढचा दोर धरायचा. बघत काय बसलात?"

एर्मिनने दोर उचलला. तिच्यामागे केझिया आणि जॉय धावल्या. ब्रुकलिनच्या दोघींनी उंच टाचांचे बूट वाळूत भिरकावले. पोलीस शिपायाने टोपी काढून बायकोकडे दिली, "माझी आजी." वाढपी बायका हात पुसत आल्या. शाळेतल्या बाई आल्या. ढोलवाला ढोल टाकून आला. शेवटी ऑल्डन पुढे झाला.

"तू सुद्धा?" यूरायाने विचारलं.

"पणजी," ऑल्डन म्हणाला. "उगाच का वाकस मागत होतो?"

दोर संपला, तरी माणसं येतच होती. मग त्याला दुसरा दोर गाठ मारून जोडला. यूराया उठला आणि त्या गाठीपाशीच त्याने हात घातला.

"गाणं कोणतं सांगू?" गाणाऱ्याने विचारलं.

"गाणं कशाला?" एर्मिन ओरडली. "टायटल सांग!"

"ऑटर—"

"कूम!"

"ऑटर—"

"कूम!"

मित्रांनो, मी शेकडो वर्षांचा आहे. डेव्हनच्या दरीत मला हाका मारल्या गेल्या, मळ्यावर माझ्या नावाने पोती मोजली गेली, पण इतक्या तोंडांत मी एकदम कधीच नव्हतो. प्रत्येक "कूम"ला बोट वाळूतून सुटत होती. ओंडके करकरले, कणा सरकला, आणि ती अशी धावत समुद्रात शिरली की पुढचे लोक हसत हसत पाण्यात पडले.

बोट सरळ झाली. दोरी ओढली गेली. निशाण उलगडलं.

शेवटचा ऑटरकूम.

ऑल्डन पाण्यातून ओरडला, "शेवटचा? अहो, दोराला गाठ मारावी लागली!"

यूराया छातीभर पाण्यात चालत गेला. त्याने निशाण खाली उतरवायला लावलं आणि त्या पहिल्या शब्दाकडे बघत राहिला. आता फाडायचं तर सगळंच फाटणार.

"टोकाचा दोरा ओढ, म्हाताऱ्या!" किनाऱ्यावरून ऑलिव्ह ओरडली. "तो शब्द मी कच्च्या टाक्यांनी घातलाय!"

आता सांगतो, सुईचं काय चाललं होतं ते. मला तिने दुहेरी दोऱ्याने पक्कं शिवलं होतं. माझ्या शेजाऱ्याला नुसता धावदोरा घातला होता.

यूरायाने टोक धरून ओढलं. अक्षरं एकेक करून सुटली आणि लाटेवर जाऊन बसली. मग त्याने मलाही ओढून पाहिलं. मी हललो नाही. म्हातारा तोंडावर पाणी मारत राहिला. कशाला, ते आम्हा दोघांना ठाऊक.

किनाऱ्यावर येऊन त्याने वाकस एर्मिनच्या हातात दिला. "मागची फळी कोरी आहे," तो म्हणाला. "कोर."

काठीवर

इथून मला लांबवर दिसतं. वारा छान आहे. मी फडफडतो आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं आडनाव असेल, लग्नाच्या दिवशी दारात राहून गेलेलं. आईचं, आजीचं, आजीच्या आईचं. ते आपणहून हाक मारणार नाही, त्याला तोंड नाही. तुम्ही विचारा. आजी ओशाळून म्हणेल, जाऊ दे रे, आता काय त्याचं. जाऊ देऊ नका. मोठ्याने म्हणा आणि जपून ठेवा.

आणि दोर कमी पडला, तर गाठ मारा.