देवसिंगचा अंगठा

राजूरच्या खाणीत उतारावरून कोळशाचा डबा दोरानं वरखाली करणारं इंजिन मी चालवतो. खालून घंटीचे दोन ठोके आले की डबा वर ओढायचा, हा जुना कायदा. नव्या साहेबानं तो उलटा केला. दोन ठोके म्हणजे आता डबा खाली सोडायचा. पण साऱ्यायले समजावून, वहीत प्रत्येकाचा अंगठा घेतल्याबिगर नवा कायदा चालू करायचा नाही, हे मी भांडून कबूल करून घेतलं होतं.

आज पयला दिवस. खालून दोन ठोके आले.

माहा हात दांड्यावरच थांबला. खाली रहमतसंगं घंटीवर देवसिंग होता. अंगठे घेतले तवा तो तीजेच्या सणासाठी तांड्यावर गेलता. सकाळी आला तो सरळ खाणीतच उतरला.

"सोड डबा, मुख्तार! वहीत अंगठा आहे त्याचा," साहेब ओरडला.

"मी नाही सोडत. घाई असन त तुमीच सोडा."

तेवढ्यात देवसिंग धापा टाकत पळतच वर आला. "काहून ओढत नाही बे? डबा रहमतच्या पायावर चढून राह्यला!"

मी डबा ओढला. मंग वही त्याच्यापुढं धरली. त्याच्या नावापुढं निळा अंगठा होता.

"म्या कवा देल्ला?" देवसिंग म्हणाला.

साहेबानं शाई लागलेला उजवा हात खिशात घातला.