सहावा खांदा

हार्मने सहाव्या घराची घंटा वाजवली. दार उघडेना. खिडकीतून पाहिलं, तर खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. शहरातली मंडळी, उन्हाळ्यापुरती येणारी.

समोरच्या घरातून लुबर्ट काठी टेकत आला.

"मिळाला का कोणी?"

"पाच झालेत."

"मी आहे की!"

"तू? तुझा गुडघा तुलाच पेलेना, तिला काय पेलणार!"

लुबर्ट एरवी हसला असता. हार्मची बायको आल्ट्या कालपासून पुढच्या खोलीत शवपेटीत निजली होती.

या गावात खांदा शेजाऱ्यांनीच द्यायचा. घरच्यांनी फक्त मागून चालायचं आणि रडायचं. हार्मने निम्म्या गावाला खांदा दिला होता. पण गावाची पालिका मोठ्या गावाच्या पालिकेत विलीन झाली आणि सगळं ओसरत गेलं. आधी कचेरी गेली, मग शाळा, मग तरणी माणसं. सकाळी त्याने नव्या कचेरीत फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "भाड्याने माणसं मिळतात, आजोबा." त्याने फोन ठेवून दिला. आल्ट्या परक्यांच्या खांद्यावर? जन्मभराची लाजाळू बाई ती!

"मीच देतो खांदा," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुला? नवरा कधी खांदा देतो? आणि मागून कोण चालणार? तुम्हाला ना मूल ना बाळ."

"तू चाल."

शुक्रवारी सहा खांद्यांवरून पेटी निघाली. खांदेकऱ्याने रडायचं नसतं, पाऊल चुकतं. हार्म रडला नाही. मागे एकटा लुबर्ट, काठी टेकत, ओक्साबोक्शी रडत होता. जणू त्याचीच बायको गेली होती.

चर्चमागे खड्ड्याशी पेटी ठेवून सगळे रिवाजाप्रमाणे घरच्यांचं सांत्वन करायला मागे वळले. हार्मही वळला. त्याने टोपी काढली, लुबर्टसमोर गेला आणि त्याचा हात हातात घेतला.

"फार चांगली होती रे. आता जिवाला जप. काही लागलं तर हाक मार, मी शेजारीच आहे."

बोलून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. बाकीचे पाच जण खाली बघू लागले.

लुबर्टने हात सोडला नाही. काठी सरकवत तो बाजूला झाला आणि त्याने आपली जागा मोकळी केली.

"हार्म," तो हळूच म्हणाला, "तू ये आता इथे."