चौथ्या फेरीतली मोकळी जागा

‘मेहुण्या, कोंबडी ठेव’ हे ओडझी ब्रदर्स बॅंडचं गाणं पाठ नसलेला माणूस साकुब्वा वस्तीत सापडणं कठीण. शब्द संपून नाच सुरू झाला की गिटारी एकमेकींच्या मागे धावतात, त्यांच्या खालून जाड तारांचा बेस बोलत राहतो, आणि चौथ्या फेरीत अचानक गप्प होतो. चार ठोके नुसता ड्रम. मग बेस परत येतो, जणू काही झालंच नाही. बावीस वर्षांपूर्वी गाण्याची कॅसेट निघाली, तेव्हापासून मुतारे शहरातल्या प्रत्येक बेसवाल्यानं ती जागा तशीच मोकळी ठेवली होती. लग्नातले बॅंड ठेवत, चर्चमधली मुलंही ठेवत. एका शाळामास्तरांनी म्हणे या चार ठोक्यांवर तासभर व्याख्यान दिलं होतं. मूळ वाजवणाऱ्या ताझिवेईला कुणी विचारलंच, तर तो नुसता हसायचा आणि टोपी कपाळावर ओढायचा.

ताझिवेई मार्चमध्ये गेला. आता नोव्हेंबर लागला होता, बाजारात माझांजे फळांच्या पिवळ्या राशी पडल्या होत्या, आणि त्याच्या जागेवर त्याची मुलगी मायदेई तीन महिने बेस वाजवत होती.

वाजवत होती, पण लोक नाचत नव्हते. सुरात चूक नव्हती, बोटं अडखळत नव्हती. लोक मान डोलवायचे, बिअरचा मग शेजाऱ्याकडे सरकवायचे आणि बसून राहायचे. सुंगुरा, म्हणजे नाचाचंच संगीत, वाजवणाऱ्या बॅंडसमोर लोक बसून राहिले, तर दोष बेसचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बॅंडचा म्होरक्या गारिकाई मुळात मवाळ माणूस. त्यानं दोन आठवडे विषय टाळला आणि शेवटी सांगितलं की डिसेंबरात लग्नं सुरू होतात, रुसापे गावचा एक बेसवाला मोकळा आहे, तेव्हा या रविवारचा कार्यक्रम बघू आणि ठरवू. बोलताना तो आपल्या गिटारची खुंटी उगाच पिळत होता. मायदेईनं मान हलवली. वडिलांचं जे काही तिच्यापाशी उरलं होतं, ते सगळं त्या रविवारवर येऊन ठेपलं.

तशी कल्पना तिला आधीच यायला हवी होती. बॅंडचा एक जुना नियम होता. बेसचा स्पीकर, ज्याला सगळे ‘फ्रिज’ म्हणत, तो ज्याचा त्यानं उचलायचा. गिटारवाले हात लावत नसत, ड्रमवाला तर नाहीच. ताझिवेई वीस वर्षं फ्रिजला तीच ती शिवी हासडत तो गाडीत चढवत आला. मायदेईला मात्र कुणी उचलू दिला नाही. “राहू दे गं, आम्ही आहोत ना,” म्हणत बॅंडमधले दोघे पुढे व्हायचे. पहिले काही आठवडे तिला ती माया वाटली. मग लक्षात आलं की पाहुण्याला कुणी ओझं उचलायला लावत नाही.

मेहनतीत तिनं कसूर केली नव्हती. दिवसा ती कापडदुकानात मापं घ्यायची आणि संध्याकाळी वडिलांच्या कॅसेटी लावून बसायची. एकेक गाणं पन्नासदा ऐकून तिनं त्यांचा प्रत्येक सूर उचलला होता. ते कुठे किंचित मागे रेंगाळत, कुठे तार बोटानं दाबून अर्धवट मारत, सगळं. गिटारवाले तारा पातेल्यात उकळून पुन्हा खणखणीत करतात. ताझिवेईनं आपल्या तारा कधी उकळल्या नाहीत. घामानं मुरलेल्या तारेतूनच पोटात जाणारा आवाज निघतो, असं तो म्हणे. मायदेईनं त्या तारांना साधं फडकंही लावलं नाही. बेस गळ्यात अडकवायचा चामड्याचा पट्टाही वडिलांच्याच भोकावर होता. ताझिवेई सहा फुटांहून उंच. मायदेई त्याच्या खांद्याला लागायची. बेस तिच्या गुडघ्यापाशी लोंबायचा, आणि दांडीच्या टोकाच्या पहिल्या घरापर्यंत पोचायला तिला डावा खांदा पाडून वाकावं लागायचं. कार्यक्रम संपेतो मनगटात कळ यायची. आई रात्री मनगटाला तेल लावून द्यायची.

शनिवारच्या तालमीत ड्रमवाला फराई वैतागला. त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या.

“मायदेई, मी इथं बसलोय.”

“दिसतोयस की.”

“दिसतोय, पण ऐकू येत नाही तुला. मी आज लय जरा जलद धरली, तू आलीच नाहीस. तू माझ्याबरोबर वाजवत नाहीस गं, कॅसेटबरोबर वाजवतेस.”

गारिकाई खोकला आणि पुढचं गाणं घ्या म्हणाला.

रविवारी दुपारी बिअर गार्डनच्या झाडांखाली बाकं भरली होती. शेगड्यांवर मांस भाजत होतं, साडझाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीच्या, ताटांवरच्या माश्या बायका हातानं वारत होत्या. पहिली चार गाणी झाली. लोक बसलेलेच. मायदेई वाकून, जिभेचं टोक दातात धरून वाजवत होती. मग ‘मेहुण्या’ सुरू झालं, आणि त्याच वेळी फाटकातून चाकानेत्सा आत आला. डोक्यावर ताझिवेईची टोपी.

चाकानेत्सा हा ताझिवेईच्या घराचा साहविरा, म्हणजे घरोब्याचा, थट्टेच्या हक्काचा मित्र. साहविऱ्याला मयताच्या घरातसुद्धा थट्टा करायची मुभा असते, आणि त्याचा राग धरायचा नसतो. मार्चमध्ये तो शवपेटीशेजारी चटईवर आडवा झाला होता आणि ‘हा बघा, नेहमीसारखं सगळं पांघरूण एकट्यानं ओढतोय’ अशी तक्रार करत होता. मायदेईची आई त्या दिवशी तेवढी एकदाच हसली होती. मायदेईला ते जमलं नव्हतं.

आता तो बाकांच्या मधोमध उभा राहून ताझिवेई झाला. तीच डुलकी घेतल्यासारखी मान, तेच ओठ पुढे काढणं. लोक खिदळायला लागले. चौथी फेरी आली, मायदेईनं तारांवर पंजा ठेवला, आणि त्या चार ठोक्यांत चाकानेत्सानं हवेतला बेस सोडून दिला, दोन्ही हातांनी पॅन्ट धरली आणि कमरेपर्यंत वर खेचली. मग पुन्हा बेस धरला. बाकांवर हास्याचा लोट उठला.

विश्रांती होताच मायदेई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. साहविऱ्यावर रागवायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून आवाज हळू ठेवला.

“काका, बाकी काहीही करा. ती जागा तेवढी सोडा. बाबांची आहे ती.”

“त्याची कसली? पॅन्ट माझी होती.”

चाकानेत्सानं बाकावर बूड टेकलं आणि शेजाऱ्याच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून सांगायला घेतलं. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ताझिवेईनं त्याची चांगली पॅन्ट मागून नेली होती. “तो हा असा काडी, आणि मी तेव्हाही असाच जाडजूड. कमरेचा पट्टा घरी विसरला. रेकॉर्डिंग एकदाच व्हायचं होतं, दुसरा बॅंड दारात उभा. चौथ्या फेरीला पॅन्ट निघाली गुडघ्यापर्यंत. आता बेस धरणार की अब्रू?”

मायदेईनं गारिकाईकडे पाहिलं. तो गिटारची खुंटी पिळत होता.

“खरं आहे,” तो म्हणाला. “वाजवायला माझ्या शेजारीच होता. नंतर ऐकलं तर बरं वाटलं, म्हणून ठेवलं. त्यानं शपथ घातली होती, मी असेतो कुणाला सांगायचं नाही.”

“मीही त्याला बजावलं होतं,” चाकानेत्सा म्हणाला, “की तू मेलास की दुसऱ्या दिवशी सांगणार. आठ महिने थांबलो हेच खूप.”

मायदेई खाली बसली. आधी तिचे खांदे हलले, फराई घाबरून जवळ आला, आणि मग त्यानं पाहिलं की ती हसतेय. तिला श्वास घेता येईना. बाबांची ती घसरलेली पॅन्ट, त्यांचे दोन काटकुळे पाय, आणि त्यानंतर बावीस वर्षं टोपी पुढे ओढत ठेवलेलं गुपित. किती तरी रात्री ती त्या चार ठोक्यांपाशी कॅसेट थांबवून बसली होती. त्या शांततेत बाबा आहेत असं तिला वाटायचं. होतेही, पण पॅन्ट सावरत.

तिनं डोळे पुसले तेव्हा चाकानेत्सा बेसचा पट्टा बोटानं मोजत होता.

“हा कुणाच्या गळ्यासाठी?”

“बाबांच्याच भोकावर आहे.”

“तो आता आडवा आहे, पोरी. त्याला पट्टा लागत नाही.”

हे बोलायचा हक्क त्यालाच होता. त्यानं शेगडीवाल्याकडून एक खिळा आणि दगड आणला. पट्टा बाकावर ठेवून तो ठोकायला वाकला, तेवढ्यात मायदेईनं खिळा त्याच्या हातातून घेतला. जुनं भोक झिजून लांबोळकं झालं होतं. त्यावरून तिनं एकदा अंगठा फिरवला, मग एक वीत आत खिळा धरून दगड हाणला. तीन घाव लागले.

बेस पहिल्यांदाच तिच्या पोटाशी आला. मनगट सरळ झालं. मान वर करता आली, आणि तिला फराईचा उजवा पाय दिसला, ढोलाच्या पेडलवर. तीन महिन्यांत तो तिनं पाहिलाच नव्हता. विश्रांती संपली, आणि तिनं वाजवायला सुरुवात केली ती त्या पायाकडे बघत. तो दाबी, ती येई. फराईनं मुद्दाम थोडं ओढून पाहिलं, ती ओढली गेली. दोन-तीनदा कॅसेटमधला सूर सुटला आणि काही बिघडलं नाही. मागच्या बाकावरच्या दोन बायका उठल्या. मग त्यांच्या शेजारचा म्हातारा, हातातला मग न सांडता.

लोकांनी ‘मेहुण्या’ पुन्हा मागितलं. चौथ्या फेरीला चाकानेत्सानं आधीच दोन्ही हात कमरेशी नेले, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मायदेईचा पंजा सवयीनं तारांकडे निघाला. तिला धरायला पॅन्ट नव्हती. तिनं पंजा उचलला आणि त्या चार ठोक्यांत खालून वर चढणारे सूर टाकले, पळत घरी येणाऱ्या पोरासारखे, शेवटचा किंचित उशिरा. गारिकाईनं मान वळवली. चाकानेत्सा कमरेवर हात ठेवून तसाच उभा राहिला, पॅन्ट ओढायची राहूनच गेली, आणि त्याच्या चारी बाजूंनी माणसं नाचत होती.

ऊन कलल्यावर सामान आवरायला घेतलं. नेहमीचे दोघे सवयीनं फ्रिजकडे वळले. गारिकाई वायरी गुंडाळत होता, त्यानं वर न बघताच म्हटलं, “त्याला हात लावू नका. बेसवाल्यानं आपला फ्रिज आपण उचलायचा.” आणि फराईला म्हणाला की रुसापेच्या माणसाला कळव, जागा नाही.

फ्रिज एकटीला हलेना. मायदेईनं एक कड धरली, नियम मोडून दुसरी चाकानेत्सानं धरली. गाडीपर्यंत पाच वेळा टेकवावा लागला. मायदेईनं त्याला वडिलांचीच शिवी हासडली, तर चाकानेत्सा म्हणाला, ही शिवी जुनी झाली, स्वतःची शोध.