यशाची कुंची

कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या गल्लीत उजाडल्यावर माणूस सापडत नाही. जो तो ओटी बांधून रानात. त्या दिवशी मात्र गुरम्माबाईंचा पाय उंबऱ्यातच अडला होता, आणि आत बाजेवर बसलेली त्यांची सून मंजुषा त्यांच्याशी हुज्जत घालत होती. त्यांच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एकच कुडाची भिंत. मी मुद्दाम ऐकायला जात नाही, पण पलीकडे शिंक आली तर मला इकडे कळतं, त्याला मी काय करू?

भांडण कुंचीवरून चाललं होतं. गुरम्माबाईंच्या घरची ती कुंची म्हणजे साधीसुधी वस्तू नव्हे. हिरव्या खणाची, लाल अस्तराची, काठाला जुनी जर, कपाळावर आरशाची टिकली आणि मागे गुडघ्यापर्यंत रुळणारा झोळ. त्या घरातलं एकही लेकरू दगावलं नाही ते तिच्यामुळे, असं आख्खं गाव मानतं. कुणाचं पोर अशक्त निघालं की बाया हात जोडून ती मागायला येतात, आणि गुरम्माबाई चार दिवस, आठ दिवस देतातही. पण तिचे नियम कडक. तिला पाणी लावायचं नाही, लावलं की यश धुऊन जातं. नुसती ओव्याची धुरी द्यायची आणि उन्हात टाकायची. ती गावची शीव ओलांडत नाही. आणि घरच्या लेकराला दात येईपर्यंत, उसनी दिलेले दिवस सोडले तर, ती डोक्याला पाहिजेच.

आता या दोन नियमांची बेरीज मंजुषानं बाजेवर पडल्या पडल्या करून बघितली होती. कुंची गाव सोडणार नाही, पोरगी कुंची सोडणार नाही, म्हणजे पोरीला दात येईपर्यंत मंजुषालाही इथून सुटका नाही. तिचा नवरा सत्यम विष्णुपुरीला पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायच्या दुकानात कामाला. तिथं त्यांची भाड्याची एक खोली. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून रस्ता दिसतो, हे ती मला इतक्यांदा सांगायची की जणू राजवाडाच मागे टाकून आली होती. माहेरी आई नव्हती आणि भावजयीला स्वतःलाच दिवस गेलेले, म्हणून बाळंतपण सासरी. सव्वा महिन्यानं जायचं, असं ठरलेलं. सव्वा महिना उलटत आला, आणि सासूनं दातांचं काढलं.

तोवर ती त्या आतल्या खोलीत, शेगडीच्या धगीत, कानाला फडकं बांधून पडलेली. खिडकी बंद, का तर वारं लागतं. मोबाईल बंद, का तर डोळे जातात. पोरगी दिवसा झोपायची आणि इतर वेळी रडायची. मी गेले की मंजुषा माझा हात सोडायची नाही. एकदा हळूच म्हणाली, "काकू, मला लेकराचा राग येऊन राहिला. मग माझाच मला राग येतो. आईला असं होतं का?"

मी म्हटलं, होतं. मला माझ्या थोरल्याच्या वेळी आडात जाऊन बसावंसं वाटायचं. ती पहिल्यांदा हसली.

हाताला काम असलं की ती जरा माणसात यायची. लातूरला शिवणाच्या वर्गाला जाऊन आलेली पोर ती. गुरम्माबाईंनी सत्यमच्या वेळचं गाठोडं काढून दिलं, तर तिनं ते सगळं उसवून नव्यानं उभं केलं. झबल्यांची गंजलेली बटणं काढून बंद लावले. विरलेल्या दुपट्यांना स्वतःच्या सुती ओढणीचं पांघरूण घातलं. टोपड्यांची कड पोरीच्या कानाला कापत होती, ती मऊ केली. जुन्या चिंध्यांची बाळाची टोपडी झाली की सासूसुद्धा नाक मुरडत का होईना, चांगलं झालं म्हणायची. फक्त कुंचीला हात लावायचा नाही.

आणि नेमकी कुंचीच पोरीला सोसत नव्हती. तेलानं, धुरानं ती चामड्यासारखी कडक झालेली. पोरीच्या मानेवर लाल चट्टे उठले. आरोग्य केंद्राची आशाताई येऊन सांगून गेली, ते काढा, मान कोरडी ठेवा. गुरम्माबाईंनी हो हो म्हटलं, आणि आशाताईची पाठ वळताच पुन्हा बंद आवळले.

म्हणून तो सकाळचा वाद. शेवटी गुरम्माबाई म्हणाल्या, "ह्या कुंचीनं गावाची लेकरं जगली. तुझ्या पोरीलाच काय सोनं लागलंय?" आणि ओटी बांधून रानात गेल्या. माझे गुडघे त्या आठवड्यात धरलेले, म्हणून मी घरीच.

दुपारी कुडापलीकडून मंजुषाची हाक आली. आवाज असा, की मी चूल तशीच टाकून गेले. ती मोरीत उकिडवी बसलेली, समोर बादली. तिनं कुंची कोमट पाण्यात बुडवली होती. एवढंच, नुसता मळ जावा म्हणून. आणि तो खण पाण्यात भिजलेल्या पापडासारखा हातात येत होता. जरीची किनार तेवढी शाबूत, बाकी हिरवा लगदा.

"काकू, आता आत्या मला जन्मात सोडायच्या न्हाईत," ती म्हणाली; सासूला ती आत्या म्हणायची. रडत नव्हती. त्याचंच मला भ्या वाटलं.

मी काही बोलायच्या आत दारात अंबिका उभी. आमच्या मागच्या गल्लीतली. तिचं पोरगं आठव्या महिन्यातलं, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून नुकतंच घरी आलेलं, मांजराच्या पिल्लाएवढं. तिला कुंची हवी होती. गुरम्माकाकींनी आज न्यायला सांगितलंय, म्हणाली. मी तिला मोरीकडे येऊ दिलं नाही. पोरगी कुंचीत झोपली आहे, उठवली तर घर डोक्यावर घेईल, दिवे लागायच्या वेळेला ये, असं सांगून वाटेला लावलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हा देवानं दिलेला गुण आहे.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. माझ्या लग्नातली हिरव्या खणाची चोळी पेटीच्या तळाशी होती. आता ती माझ्या दंडातही शिरत नाही. मंजुषानं तिच्या शिवणी उसवल्या, बादलीतले तुकडे फरशीवर पसरून जुन्या कुंचीचं माप घेतलं आणि कातर चालवली. लाल अस्तर तिच्या परकराचं निघालं. किनार जुनीच लावली, टिकलीही जुनीच. मी पोरगी मांडीवर घेऊन बसले. मधेच ती रडायची, मंजुषा तिला पदराखाली घ्यायची आणि पाजता पाजताच टाके घालायची. तिची बोटं त्या दिवशी बघण्यासारखी होती. सव्वा महिन्यात तिच्या तोंडावर एवढी जान मी बघितली नव्हती.

शिवून झाली तर कुंची नवी कोरी, नवरीसारखी. असं चालणार नव्हतं. मग आम्ही तिला तेल चोळलं, हळद चोळली, चुलीची काजळी पुसली, फरशीवर तुडवली, टोपल्यावर घालून धुरी दिली. अस्तर मात्र मंजुषानं मऊच ठेवलं. गुरम्माबाई रानातून आल्या तेव्हा कुंची खुंटीला होती आणि अंबिका दारात. गुरम्माबाईंनी कुंची काढली, जरा वेळ हातात धरली, किनारीवरून अंगठा फिरवला आणि अंबिकाला देऊन टाकली.

त्यानंतरचे दिवस मात्र तिला आणखीच जड गेले. अंबिकाचं पोरगं जरा शिंकलं तरी ही कुडापलीकडून मला हाक मारायची. त्याला काही झालं तर ते मी केलं, असं ती मला म्हणायची. मी म्हणायची, अगं, ते पोरगं दूध पिऊन जगणार आहे, कुंची पिऊन नव्हे. पण पटलेली गोष्ट आणि भीती या दोन्ही एका घरात सुखानं राहतात, हे मला तेव्हा तिच्याकडे बघून कळलं.

अंबिकाच्या पोरानं बाळसं धरलं. अंग भरलं, आवाज फुटला. गावात कुंचीचं नाव आणखी झालं. ती परत आली आणि पुन्हा मंजुषाच्या पोरीच्या डोक्यावर चढली. आता चट्टे उठत नव्हते. तोवर बारसं होऊन पोरीचं नाव तनुजा ठेवलं होतं.

सत्यम न्यायला आला, तेव्हा गुरम्माबाईंनी जेवायला वाढता वाढता तेच सांगितलं. दात येऊ दे, मग घेऊन जा, कुंची शिवेबाहेर जात नाही. सत्यमनं खाली मान घालून भाकर मोडली. आईपुढे त्याचं तोंड कधी उघडत नाही. मंजुषाच्या हातात तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"आत्या, ती कुंची मी शिवलेली हाय," ती म्हणाली. "तुमची होती ती पाण्यात विरली. मी लपवून ठेवलं. आता काय बोलायचं ते बोला, पण मी उद्याच्याला जाणार."

मी चटणी द्यायच्या निमित्तानं तिथंच होते. गुरम्माबाई वाढायच्या थांबल्या नाहीत. सत्यमच्या ताटात वरण ओतलं, मग म्हणाल्या, "ठावं हाय मला. तुझा टाका बारीक हाय. माझा मोठा व्हता."

"तुमचा?"

"तू भिजवली ती मी शिवली व्हती. हा सत्या तान्हा असताना शेगडीत पडून सासूची कुंची जळाली. मी माझ्या चोळीची शिवली आन् तेल चोपडलं. माझ्या सासूनं बी कुणाची बघून शिवली आसंल, ते आता कुणाला इचारू?"

मंजुषाचा चेहरा लालबुंद झाला. इतके दिवस ती जिला घाबरत होती, तिला सगळं माहीत होतं. मंजुषाला खरोखरच संताप आला होता, आणि तो रास्त होता.

"मग मला कशापायी कोंडलं, आत्या?"

गुरम्माबाई खाली बसल्या. भाकरीची टोपली उगीच झाकली, उघडली. "सत्याचा बाप गेल्यापासून ह्या घरात रडायला सुदिक कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकराचा आवाज आला. वाटलं, ऱ्हाईल आजून थोडा."

मला वाटलं मंजुषा विरघळेल. नाही विरघळली. तिनं सासूच्या ताटात भाकर वाढली, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. पोरगी साध्या सुती टोपड्यात. कुंची खुंटीलाच राहिली. बायांनी विचारलं तेव्हा गुरम्माबाई म्हणाल्या, अंबिकाच्या लेकराला आजून लागती, म्हणून ठेवून घेतली. खोटं बोलायचा गुण देवानं त्यांनाही दिला आहे.

तिकडे मंजुषा सुखात होती. फोनवर खिडकीतला रस्ता दाखवायची. संक्रांत झाली, कापसाच्या पराट्या उपटून झाल्या. एका संध्याकाळी मी गुरम्माबाईंच्या ओसरीवर बसले होते तेव्हा तिचा फोन आला. तनुजाला ताप होता. डॉक्टरनं तपासलं, औषध दिलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाला. हे सगळं तिनं नीट सांगितलं.

"आत्या," मग ती म्हणाली, "कुंची पाठवता का?"

गुरम्माबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कोणती? तू शिवलेली?"

"हाव. तीच."

मला हसू आलं होतं, पण गुरम्माबाईंचं तोंड बघून ते जागीच राहिलं. त्या हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही. "सकाळच्याला येते," एवढंच म्हणाल्या, आणि तशाच उठून आतल्या खुंटीवरची कुंची घेऊन आल्या. ती त्यांनी पिशवीत ज्वारीच्या पिठाखाली दडवली, कारण गावानं शीव ओलांडताना बघायला नको होतं. गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून मीही सोबत निघाले. खरं तर मला ती खिडकी बघायची होती.

खोलीत शिरलो तर पोरगी जमिनीवर अंथरलेल्या दुपट्यावर पाय झाडत पडलेली. गुरम्माबाईंनी कपाळाला हात लावला. अंग थंडगार. औषधानं ताप पहाटेच उतरला होता, मंजुषानं तसं सांगितलंही. तरी तिनं हात पुढे केला. गुरम्माबाईंनी पिशवीतून कुंची काढली आणि पीठ झटकून तिच्या हातात दिली. मंजुषानं पोरगी मांडीवर घेतली, कुंची तिच्या डोक्याला बांधली, आणि बंदाची गाठ नीट बसली की नाही ते सासू-सून दोघींनी वाकून, आळीपाळीनं, ओढून बघितलं.