हापिसाची मासळी

नमिता अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मासळी तपासते. मासळी ताजी की शिळी, ते तिच्या माहुलच्या कोळीवाड्यात कोणीही सांगेल. नमिता शोधते ती कारखान्यांतून, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातून पाण्यात उतरलेली, वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं. ती माशाच्या चरबीत ठाण मांडतात, मासा खाणाऱ्याच्या अंगात मुक्काम हलवतात आणि बाई बाळंत झाली की दुधात उतरतात.

मागच्या वर्षी माहुलच्या खाडीची मासळी तपासायचं निघालं. नमिताला तेव्हा सातवा लागलेला. तिने आईला, मंजुळाबाईंना, फोनवर सांगितलं, "आये, आपल्या खाडीची मुशी ठेव हां, हापिसाचा माणूस न्यायला येईल." मुशी म्हणजे लहानसा शार्क. मंजुळाबाईंनी ती सोलून, साफ करून, तुकडे करून दिली. पाहुण्याला द्यावेत तसे ते तुकडे पाहून नमिताला हसू आलं होतं. रिपोर्ट स्वच्छ आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पोटातल्या बाळासाठी ती किती घाबरली होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग ती बाळंतपणाला माहुललाच गेली. मुशीने दूध वाढतं, ही तिथली रीत. आईने रोज कालवण केलं आणि नमिता बोटं चाटून जेवली.

बाळ पाच महिन्यांचं झालं. नमिता कामावर रुजू झाली. बाळ दिवसभर आजीकडे. साहेब म्हणाले, खाडीचा पुन्हा एक नमुना घेऊ. संध्याकाळी तिने आईला तसं सांगितलं.

"उद्या नको, परवा ने," मंजुळाबाई म्हणाल्या. "मढला सांगावा लागंल."

"मढला कशाला?"

"तुझे हापिसान काय खारीची बारकी मासली देऊ? लोका हसतील गो! मागचे टायमाला पन मढचे मोठे बोटीची, लांब दर्यातली मुशी मागवली व्हती."

नमिताने विचारलं, "आणि मी बाळंतपणात खाल्ली ती?"

"ती आपले खारीची. जित्ती!" मंजुळाबाई चिडल्याच. "माझे पोरीला बरफातली चारीन?"

घ्या! नमुना म्हणजे काय, हे या बाईला समजावलं होतं कोणी? शिकलेल्या लेकीनेही नाही. हापिसात जायची ती मासळी म्हणजे लेकीची अब्रू, आणि लेकीच्या ताटात जायची ती माया. मंजुळाबाईंनी दोन्ही सांभाळलं होतं.

नमिताने घरातलीच खाडीची मुशी उचलली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. निकाल आला तेव्हा तिने तो तीनदा वाचला. मर्यादेच्या कितीतरी वर. ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुशी सोडा, दूध मात्र तोडू नका. बाळाला त्याहून चांगलं काही नाही. अंगात गेलेलं बाहेर काढायचं औषध? तसं औषध नाही, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ती माहुलला पोचली तेव्हा चुलीवर कालवण रटरटत होतं. मंजुळाबाई नातवाच्या मांडीच्या वळ्या मोजत बसल्या होत्या.

"बघ कसा गुटगुटीत झालाय! सगला माझे मुशीचा दूध."

नमिताला रडूच फुटलं. रडत रडतच तिने सगळं सांगितलं: खाडी, चरबी, दूध.  मग मंजुळाबाई उठल्या, कालवणाचं भांडं उतरवून मोरीत नेलं आणि ओतून दिलं. हात धुतले, पुन्हा धुतले. बाळ भुकेने रडायला लागलं तरी त्यांनी त्याला उचललं नाही.

"मंग आता पोराला काय पाजशील गो?"

नमिताने बाळाला पदराखाली घेतलं.

"हेच," ती म्हणाली.